लाल दिवा आणि अब्बांची वही



एका कवीला आकाशवाणीनं मोटारीच्या इंजिनावर बोलायला बोलावलंय हे कळल्यावर आमच्या घरात बराच हशा पिकला. मुलगी म्हणाली, "अब्बू, तुम्हाला स्टेपनीसुद्धा बदलता येत नाही!" तिचं म्हणणं खरं आहे. मी मराठी घेऊन बी.ए. झालो, नोकरी कारकुनीची केली आणि उरलेल्या वेळात कविता लिहिल्या. पण एका जुन्या गाडीनं मला एकदा चांगलाच धडा शिकवला. तो शिकवताना तिनं माझ्या स्वभावातली एक खोटही उघडी पाडली. तीच हकिकत सांगायला आलो आहे. ज्यांच्या दारात दहा-पंधरा वर्षांची जुनी गाडी उभी आहे त्यांना उपयोगी पडेल अशी थोडी माहितीही त्यात आहे. ही माहिती माझी नव्हे, आमच्या वस्तादांची आहे. मी फक्त निरोप्या.

गाडी अब्बांची. अब्बा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. घरात आम्ही दखनी बोलायचो, पण अब्बांचा हिशेब, पत्रव्यवहार आणि रागावणं हे सगळं शुद्ध मराठीत असायचं. निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी १९९८ साली पांढरी मारुती ८०० घेतली. ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं लहानसं इंजिन, आणि पेट्रोल पुरवायला कार्बोरेटर. शाळेच्या हजेरीपटाची सवय असलेल्या माणसानं गाडीचीही हजेरी ठेवली. डॅशबोर्डच्या कप्प्यात एक दुरेघी वही असे. त्यात नोंदी : "दि. १४ मार्च २००४. किलोमीटर ४१,२००. ऑइल बदलले. फिल्टर नवा." दर रविवारी सकाळी चहाच्या आधी बॉनेट उघडून ते ऑइलची पट्टी बाहेर काढायचे, जुन्या धोतराच्या चिंधीनं पुसायचे, परत घालून पुन्हा काढायचे आणि चष्मा वर करून बघायचे. आम्हा मुलांना त्याची गंमत वाटे.

२००९च्या पावसाळ्यात अब्बा गेले. गाडी माझ्याकडे आली. वही कप्प्यात तशीच राहिली.

पुढच्या वर्षी, २०१०मध्ये, गाडीतला ऑइलचा लाल दिवा मधूनच लुकलुकायला लागला. किटलीसारख्या तेलाच्या डब्याचं चित्र असलेला तो दिवा आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. मी घाबरून गाडी वस्तादांकडे नेली. वस्तादांचं गॅरेज मिरजेत, सतारी-तंबोरे बनवणाऱ्यांच्या गल्लीपासून जवळच. ते अब्बांचे विद्यार्थी, माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठे. मला 'शायर' म्हणतात. अर्धं चिडवणं असतं, अर्धं प्रेम.

वस्तादांनी आधी पट्टी पाहिली. तेल बरोबर होतं. मग इंजिनाच्या अंगाला असलेलं एक छोटं स्विच पान्यानं काढलं आणि त्या जागी नळी लावलेलं एक काट्याचं मीटर बसवलं. इंजिन चालू केलं, गरम होऊ दिलं, रेस दिली, सोडली, काटा पाहत राहिले. मग म्हणाले, "दाब झकास हाय. स्विच गेलंय." नवं स्विच शंभर रुपयांच्या आत आलं. दिवा गप्प झाला. मी खूश होऊन घरी आलो.

श्रोतेहो, माझी चूक इथं झाली, आणि ती मला दोन वर्षांनी कळली. वस्तादांनी त्या दिवशी दोन गोष्टी केल्या होत्या. आधी तपासलं होतं आणि मग निदान केलं होतं. मी निदान लक्षात ठेवलं आणि तपासणं विसरून गेलो. 'आपल्या गाडीचा दिवा खोटा लागतो,' एवढंच माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

२०१२चा मे महिना. आपा रत्नागिरीला असते. तिच्याकडून आंब्याच्या दोन पेट्या घेऊन आम्ही मिरजेला परत निघालो होतो. मी, बायको आणि मागे झोपलेली मुलगी. पाली, नाणीज, साखरपा मागे पडलं आणि आंबा घाट सुरू झाला. उन्हं कडक, गाडी भरलेली. चढावर इंजिनातून एक खुळखुळ ऐकू यायला लागली, पत्र्याच्या डब्यात फुटाणे हलवावेत तशी. मी गिअर खाली घेतला तसा आवाज थांबला. पुढे वळणं सुरू झाली आणि प्रत्येक मोठ्या वळणावर तो लाल दिवा क्षणभर लागून विझायला लागला.

बायको म्हणाली, "वो लाल बत्ती कायकू लगी जी?"

मी ऐटीत सांगितलं, "कुछ नहीं, स्विच है. वस्ताद बोले थे."

वस्ताद बोलले होते खरे, पण दोन वर्षांपूर्वी, आणि तेही वेगळ्या स्विचबद्दल! घाट चढून आंब्याला आलो. पुढे मलकापूरच्या अलीकडे इंजिनाच्या खालच्या बाजूनं एक नवा आवाज यायला लागला. हा फुटाण्यांचा नव्हता. बंद दारावर बाहेरून कोणी हातोडीनं ठोकावं तसा ठक्, ठक्, ठक्. रेस वाढवली की जलद. मी वृत्तं-मात्रा मोजणारा माणूस; आवाजात लय आहे हे मला कळलं, पण तिचा अर्थ कळला नाही. आणखी तीन-चार किलोमीटर गेल्यावर दिवा लागला तो विझेनाच. तेव्हा गाडी थांबवली.

मलकापुरात एका दुकानदारानं पट्टी काढून दाखवली. पट्टीला तेलच लागत नव्हतं. त्यानं दोन लिटर ऑइल ओतलं. दिवा विझला. बायकोनं विचारलं, "आता बरोबर आहे ना?" मी म्हटलं, "दिवा गेला, म्हणजे बरोबरच." ठक्ठक् मात्र गेली नव्हती, थोडी मऊ झाली होती. तसाच हळूहळू मिरजेपर्यंत आलो.

वस्तादांकडे जायची मला लाज वाटत होती. म्हणून दुसऱ्याच एका गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या माणसानं एकदाच रेस दिली आणि सांगितलं, "इंजिनाचं काम निघणार. पंधरा-वीस हजार. एवढ्या जुन्या गाडीवर घालण्यात अर्थ नाही. जाड ऑइल टाका, वर एक डबी मिळते ती ओता, आवाज दबतो. महिना-दोन महिने निघतील. तेवढ्यात गिऱ्हाईक बघून काढून टाका."

सांगायला संकोच वाटतो, पण मला तो सल्ला आवडला. जाड ऑइल भरलं. आवाज खरोखर दबला. थंड इंजिनावर तर ऐकूच येईना. एका एजंटाला सांगून ठेवलं. चाळीस हजारांपर्यंत किंमत येईल म्हणाला.

आठवड्यात एक गिऱ्हाईक आलं. नुकताच शिक्षणसेवक म्हणून लागलेला तरुण मुलगा. सोबत त्याचे वडील, हातात टोपी घेतलेले, शेतकरी. गाडी सकाळी दाखवायची आणि इंजिन आधी तापवायचं नाही, असं एजंटानं मला बजावलं होतं. मुलानं गाडीला फेरी मारली, दारं उघडून पाहिली, मग डॅशबोर्डचा कप्पा उघडला. अब्बांची वही त्याच्या हाताला लागली. तो उभ्या उभ्या वाचायला लागला. वाचता वाचता त्याचा चेहरा खुलला. वडिलांना म्हणाला, "अण्णा, हे बघा, गुरुजींची गाडी आहे. प्रत्येक ऑइलची नोंद आहे. अशी गाडी डोळे झाकून घ्यावी." मग पानं उलटत शेवटच्या नोंदीवर आला. एप्रिल २००९. त्यानं मागचं पान पाहिलं, पुढचं कोरं पान पाहिलं, आणि अगदी सहज विचारलं, "सर, यानंतरची वही कुठे आहे?"

यानंतरची वही नव्हतीच. तीन वर्षांत मी ऑइल बदललं नव्हतं, फिल्टर बदलला नव्हता, एकदासुद्धा पट्टी काढून पाहिली नव्हती. आणि आता अब्बांच्या अक्षराच्या भरवशावर मी त्या मुलाला एक दुखणाईत इंजिन विकायला निघालो होतो. मी एजंटाकडे न बघता म्हटलं, "नाही हो. वही नाही. आणि इंजिनात आवाज आहे. जाड ऑइल घालून दाबलाय." एजंट तिथूनच निघून गेला, तो आजपर्यंत मला ओळख दाखवत नाही. मुलाच्या वडिलांनी टोपी डोक्यावर घातली, मला नमस्कार केला आणि म्हणाले, "सांगितलंत ते बरं केलंत."

त्याच दुपारी गाडी वस्तादांकडे नेली. सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, "शायर, दिवा म्हंजे निकाल नव्हं, तक्रार हाय. तक्रार खरी का खोटी ते गेज सांगतंय." आणि कामाला लागले. त्या दोन दिवसांत मी तिथं स्टूल टाकून बसलो आणि जे शिकलो ते आता थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट. हा लाल दिवा तेल किती आहे ते सांगत नाही, तेलाचा दाब सांगतो. इंजिनाच्या तळाशी एक भांडं असतं, मिस्त्री लोक त्याला चेंबर म्हणतात. त्यातलं तेल पंप जाळीतून ओढतो, फिल्टरमधून ढकलतो आणि बारीक वाटांनी बेअरिंगपर्यंत पोहोचवतो. पिस्टनची वर-खाली चाल कनेक्टिंग रॉड क्रँकला देतो, आणि रॉड जिथं क्रँकला धरतो तिथं एक गुळगुळीत कवच असतं, ते बेअरिंग. कवच आणि क्रँक यांच्यातली फट असते साधारण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या तीन ते पाच पट, म्हणजे वहीच्या कागदाच्या जाडीहून कमी. त्या फटीत दाबानं आलेल्या तेलाचा पडदा असतो, म्हणून लोखंडाला लोखंड लागत नाही. मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर क्रँक एका सेकंदात पन्नास वेळा फिरतो. आता विचार करा, तो पडदा अर्धा मिनिट नसला तर काय होईल!

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. बहुतेक गाड्यांत हा दिवा दाब साधारण पाच-सात पौंडांच्या खाली गेला की लागतो. म्हणजे दिवा विझलेला आहे याचा अर्थ इतकाच की दाब त्याहून वर आहे. शाळेच्या भाषेत बोलायचं तर मुलगा पास झालाय एवढंच कळतं. पस्तीस गुण आहेत की नव्वद, ते दिवा सांगत नाही. वस्तादांनी जाड ऑइल काढून टाकलं, गाडीला चालणारं नेहमीचं ऑइल भरलं आणि मीटर लावलं. गरम इंजिनावर, स्लोला ठेवल्यावर काटा आठ पौंडांवर होता. दिवा बंद! तीन हजार फेऱ्यांवर जेमतेम बावीस. जुन्या मिस्त्रींचा आडाखा असा की दर हजार फेऱ्यांना दहा पौंड दाब असावा, म्हणजे तीन हजारांना तीस. नक्की आकडा प्रत्येक गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो. मी मलकापुरात 'दिवा गेला, म्हणजे बरोबर' म्हणालो होतो, त्याचा फोलपणा त्या काट्यानं दाखवला.

दिवा कधी लागतो याकडे लक्ष दिलं तर बरंच कळतं. किल्ली फिरवली आणि इंजिन अजून सुरू केलेलं नाही, तेव्हा तो लागलाच पाहिजे. लागला नाही तर बल्ब किंवा वायर गेली आहे, म्हणजे पहारेकरीच झोपला आहे. वळणावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर लुकलुकला तर तेल कमी आहे. ते चेंबरमध्ये एका बाजूला सरकतं आणि पंपाच्या तोंडाशी हवा येते. आंबा घाटात माझ्या गाडीनं मला नेमकं हेच सांगितलं होतं. इंजिन गरम झाल्यावर स्लोला लागतो आणि रेस दिली की विझतो, अशी तऱ्हा असेल तर तेल पातळ झालंय, किंवा बेअरिंग झिजलंय, किंवा पंप थकलाय. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत आणखी एक भानगड असते. इंजिनावर चालणाऱ्या पेट्रोलपंपाचा पडदा फाटला तर पेट्रोल ऑइलमध्ये झिरपतं आणि ऑइल पातळ होतं. तेव्हा पट्टीवर तेलाची पातळी वाढलेली दिसते आणि पट्टीला पेट्रोलचा वास येतो. पातळी आपोआप वाढली म्हणून खूश होऊ नये. तेल दुधट चहासारखं दिसलं तर त्यात पाणी शिरलंय असं समजावं. आणि चालत्या गाडीत दिवा लागून राहिला तर पुढचा पेट्रोलपंप, पुढचं गाव असा विचारच करायचा नाही. बाजूला घ्यायची आणि इंजिन बंद. स्विच खोटं निघालं तर आपला अर्धा तास जातो. दिवा खरा निघाला तर इंजिन जातं.

तिसरी गोष्ट आवाजांची. आपण सगळ्यालाच 'नॉकिंग' म्हणून मोकळे होतो. वस्ताद म्हणाले, "समदं एकच आसतं तर आमचं पोट कशावर चाललं असतं?" चढावर, मोठ्या गिअरमध्ये, रेस दाबली की फुटाण्यांसारखी खुळखुळ आणि पाय उचलला की बंद, हा आवाज जळणाचा. ठिणगीनं पेटलेली ज्वाळा पोहोचायच्या आतच उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं. कारणं अनेक. ठिणगीची वेळ पुढे सरकलेली असते, इंजिन तापलेलं असतं, आत काजळी साचलेली असते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, किंवा पेट्रोलचाच ऑक्टेन कमी असतो. बहुतेक वेळा टायमिंग, प्लग, रेडिएटर आणि कार्बोरेटर नीट केलं की हा आवाज जातो. मात्र तसंच वर्षभर दामटलं तर पिस्टनला भोक पडू शकतं. पूर्वी हा आवाज कमी करण्यासाठी पेट्रोलमध्ये शिसं घालत. १ फेब्रुवारी २०००पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्यानं ऑक्टेन वाढतो, पण कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत मिश्रण थोडं विरळ होतं आणि जुन्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही. त्या नळ्या तपासून घ्याव्यात.

वरच्या बाजूनं शिवणयंत्रासारखी हलकी टिकटिक येत असेल तर ती टॅपेटची. टॅपेट हलवणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, म्हणून ही टिकटिक इंजिनाच्या मानानं सावकाश वाटते. फट नीट लावली की भागतं. सकाळी थंड इंजिनावर बद्द आवाज येतो आणि गरम झाल्यावर कमी होतो, तो बहुधा झिजलेल्या पिस्टनचा. तो पुष्कळ दिवस सोबत करतो. आणि गरम झाल्यावर वाढणारी, खालच्या बाजूनं येणारी, रेस सोडताना जास्त स्पष्ट होणारी जड ठक्ठक् म्हणजे कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग. हिच्याशी मात्र मुलाहिजा नाही. गाडी जागची हलवायची नाही.

पण इंजिन खोलण्याआधी वस्तादांनी बाहेरच्या गोष्टी पाहिल्या. इंजिनाचे रबरी पाय, सायलेन्सरची क्लॅम्प, सुटलेला एखादा पत्रा. "निम्मी माणसं पत्र्याच्या आवाजापायी इंजिन खोलून घेत्यात," ते म्हणाले. मग लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक इंजिनाच्या अंगावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. पट्टा आणि पंखा यांच्यापासून हात-कपडे दूर ठेवून ते एकेका जागी ऐकत गेले. डोळे मिटलेले. त्याच गल्लीच्या पलीकडे सतारमेकर तंबोऱ्याच्या घोडीची जवारी काढताना असेच बसतात. तार छेडायची, ऐकायचं, एक हात कानस, पुन्हा ऐकायचं. घाई नाही. मी लहानपणापासून ते पाहत आलो होतो. ऐकण्याचं काम इंजिनावरही तसंच करायचं असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

शेवटी त्यांनी स्लोवर एकेका प्लगची वायर काढून इंजिनाला अर्थ केली. पहिली काढली, आवाज तसाच. दुसरी काढली आणि ठक्ठक् जवळजवळ गेली. त्या सिलिंडरमध्ये जाळ होत नाही, त्यामुळे रॉडवर धक्का बसत नाही. "दोन नंबर," वस्ताद म्हणाले. ऑइल काढलं ते उन्हात धरलं. त्यात बारीक चकाकी होती. चुंबक फिरवला तर ती चिकटेना. लोखंडाचा कीस असता तर चिकटला असता. ही चकाकी बेअरिंगच्या मऊ धातूची.

चेंबर उतरवल्यावर दिसलं ते असं : पंपाची जाळी निम्म्याहून जास्त काळ्या चिखलानं बुजलेली. तीन वर्षं न बदललेल्या तेलाचा तो गाळ होता. दोन नंबरच्या बेअरिंगवर ओरखडे, क्रँकवरही रेघा. घाटात तेल कमी होतं, जाळी बुजली होती, ऊन होतं, चढ होता. दोष गाडीचा नव्हता. गाडीनं आधी वळणावर सांगितलं, मग ठोठावून सांगितलं, मग दिवा लावून ठेवला. तिघांकडेही मी लक्ष दिलं नाही.

सांगलीच्या एका वर्कशॉपात क्रँक ग्राइंड करून आणला, म्हणजे रेघा जाईपर्यंत पाव मिलिमीटर घासून घेतला. त्या मापाची नवी बेअरिंग घातली. जाळी, चेंबर, तेलाच्या वाटा धुतल्या. पंप तपासला, तो चांगला निघाला. ठिणगीचं टायमिंग नीट लावलं. त्यानं घाटातली खुळखुळ गेली. सगळा खर्च चौदा हजारांच्या आसपास आला. त्या वेळच्या माझ्या पगाराला तो चांगलाच जाणवला. दर पाच हजार किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदलला असता तर तीन वर्षांत त्याच्या चौथाईतही भागलं असतं. पुन्हा मीटर लावलं तेव्हा गरम इंजिनावर स्लोला काटा वीसच्या पुढे होता आणि रेस दिल्यावर पंचेचाळीसला टेकला. वस्तादांनी मीटर काढायच्या आधी मला बोलावून तो काटा दाखवला. मग हात पुसत म्हणाले, "शायर, वही आणा."

मी वही आणली. त्यांनी ती हातात घेतली नाही; हात काळे होते. म्हणाले, "मी सांगतो, तुम्ही लिवा." अब्बांच्या शेवटच्या नोंदीखाली एक ओळ सोडून मी लिहायला सुरुवात केली. काय खराब झालं, का झालं, काय बदललं, दाब किती. "का झालं"च्या पुढे मी लिहिलं : "तीन वर्षे दुर्लक्ष." कविता लिहिताना मी एका शब्दासाठी आठवडाभर अडलेलो आहे. हे दोन शब्द लिहायला त्याहून कठीण गेले.

त्या वर्षीच्या दिवाळीत तो तरुण शिक्षक पुन्हा आला. मीच निरोप पाठवला होता. येताना स्वतःचा एक ओळखीचा मिस्त्री घेऊन आला, ते मला फार आवडलं. गाडी आधी वीस किलोमीटर फिरवून गरम केली, मग ऐकवली. त्यानं वहीतली नवी नोंद वाचली, 'दुर्लक्ष' या शब्दापाशी थोडा थांबला आणि काही बोलला नाही. व्यवहार ठरला. निघताना म्हणाला, "सर, वही गाडीसोबतच राहू द्या." अब्बांचं अक्षर हातातून सोडताना जिवावर आलं. पण वही गाडीची होती, माझी नव्हती. दिली. पुढच्या वर्षी पंधरा वर्षं पूर्ण झाली म्हणून त्यानं आरटीओत पुन्हा पासिंग करून घेतलं, तेव्हा फोन करून सांगितलं. वहीची पानं संपली म्हणून दुसरी जोडलीय, असंही सांगितलं.

श्रोतेहो, तुमच्या दारात जुनी गाडी असेल तर फार काही करू नका. उद्या सकाळी गाडी सपाट जागेवर आहे ना ते बघा. इंजिन चालवलं असेल तर बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा. पट्टी काढा, पुसा, परत घाला, पुन्हा काढा. तेल दोन खुणांच्या मध्ये हवं. कमी असेल तर थोडं थोडं घाला. वरच्या खुणेच्या वर भरू नका, जास्त तेलाचा फेस होतो आणि फेसाला दाब धरत नाही. आणि कोणी ऐकताक्षणीच 'इंजिन खोलावं लागेल' किंवा 'काही नाही, स्विच आहे' असं म्हणाला, तर त्याला एकच विचारा : "मीटर लावून पाहिलंत का?" हा प्रश्न मी त्या दिवशी घाटात स्वतःला विचारला नाही.

आता माझ्याकडे दुसरी गाडी आहे. तिच्यात पडदा आहे, आवाज करणारे इशारे आहेत. पण तेलाच्या डब्याचं ते लाल चित्र जसंच्या तसं आहे. सकाळी किल्ली फिरवली की ते लागतं. इंजिन सुरू केलं की विझतं. मधले दोन सेकंद मी हात थांबवून त्याच्याकडे बघतो. बायको शेजारी असली तर विचारते, "क्या देखते जी रोज?" मी सांगतो, "हजेरी घेतोय."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)